रोहूचे जिरे (अंड्यातून नुकती फुटलेली पिल्लं) तिसऱ्या दिवशी मरतात. ब्रूडरच्या (विणीसाठी राखलेल्या नर-माद्यांच्या) खाद्याचा संबंध असेल का?

हातोदकर (इंदूर)

नमस्कार मंडळी. हातोदच्या पुढे यशवंत सागरच्या अंगाला आमची शेती आहे आणि शेतातच वडिलांनी सुरू केलेली छोटी हॅचरी आहे, चिनी पद्धतीच्या गोल टाक्यांची. कटला, मृगळही करतो, पण खरा धंदा रोहूच्या जिऱ्यांचा. देपालपूर, बडनगरपासून धारपर्यंतचे तलाववाले आमच्याकडून बीज नेतात.

अडचण अशी आहे. माद्या विणीच्या इंजेक्शनला साथ देतात, अंडी भरपूर टाकतात, फलनही ठीक दिसतं. पण सकाळपर्यंत टाकीतली बरीच अंडी पांढरी पडतात. जी फुटतात त्यांतले काही जिरे पाठीत वाकडे असतात, एका जागी गोल फिरत राहतात. आणि तिसऱ्या दिवशी, पोटाखालची पिवळी पिशवी संपत आली की, एकदम मर लागते. गिऱ्हाईक पिशव्या भरायला दारात उभं असतं आणि टाकीच्या तळाशी थर बसलेला असतो.

वडिलांच्या वेळी ब्रूडरना शेंगदाण्याची खली आणि ताजी राइस पॉलिश (तांदूळ सडताना निघणारा बारीक कोंडा) समसमान कालवून द्यायचे. मधे शेंगदाणा परवडेना म्हणून आम्ही सोयाची डीओसी (तेल काढलेली पेंड) आणि तेल काढलेला कोंडा सुरू केला. इंदूरला सोया घराघरात, डीओसीला तोटा नाही, प्रोटीन तर खलीपेक्षाही जास्त. मासे छान वाढले, वजनं चांगली आली. म्हणून खाद्यावर संशय घ्यावा की नाही हेच कळत नाही. आत्ता संक्रांत होऊन गेली आहे, हंगामाला वेळ आहे. काही बदलायचं असेल तर आत्ताच बदलतो. जाणकारांनी सांगावं.

बडवाहचा मासेवाला (बडवाह)

दादा, तिसऱ्या दिवशीच्या मरीत मी आधी पाणी बघतो. बोअरचं पाणी सरळ टाकीत घेता का? लोह जास्त असलं तर अंड्यांवर तांबूस थर बसतो आणि आतला जीव गुदमरतो. तलावाचं पाणी घेत असाल तर जाळी किती बारीक आहे? सायक्लॉप्स, म्हणजे तळ्यातले बारीक जीव, आत शिरले तर कोवळ्या जिऱ्यांना टोचून मारतात, आणि तेही बरोबर याच दिवसांत. पाऊस पडून रात्री पाणी गार झालं तरी उबवणी लांबते. इंजेक्शनची बाटली फ्रिजमध्ये होती का, तेही बघा. खाद्याचं नंतर.

हातोदकर (इंदूर)

दादा, तुम्ही म्हणता ते सगळं तपासलं आहे. पाणी उंच टाकीत पडतं, हवा लागते, मग दुहेरी जाळीतून खाली येतं. आणि मुख्य गोष्ट सांगायची राहिली. शेजारच्या गावातल्या एका जुन्या तलावातून काही माद्या आणल्या होत्या, त्यांना बाहेरचं खाद्य जवळजवळ नाहीच, शेणखत टाकतात तेवढंच. त्यांना त्याच संध्याकाळी, त्याच बाटलीतलं इंजेक्शन दिलं, अंडी आमच्याच पाण्यावर शेजारच्या टाकीत उबवली. त्यांचे जिरे ठणठणीत निघाले. अंडी कमी होती, पण जेवढे फुटले तेवढे जगले.

तळ्याकाठची काकू (लोकमान्य नगर, इंदूर)

हातोदकर, माझी नोकरीची बहुतेक वर्षं मत्स्यबीज केंद्रांवर गेली आणि त्यातलीही बरीच ब्रूडर तळ्यांवर. शेजारच्या माद्यांची अंडी त्याच पाण्यावर आणि त्याच बाटलीवर तगली, हे तुम्ही सांगितलंत आणि निम्मा प्रश्न सुटला. बडवाहच्या दादांनी सांगितलेली कारणं खरी आहेत, पण ती असती तर दोन्ही टाक्यांत मर दिसली असती. तुमच्या माद्यांच्या पोटात वर्षभर काय गेलं, तिकडे आता बघायला हवं.

इंजेक्शन अंडं बनवत नाही. अंड्याचा बलक आधी भरून झालेला असतो. इंजेक्शन त्या भरलेल्या अंड्याला शेवटचं पिकवतं आणि सोडवतं, एवढंच. १० जुलै १९५७ ला डॉ. हिरालाल चौधरींनी ओडिशात अंगुल इथे पिट्युटरीच्या, म्हणजे मेंदूखालच्या ग्रंथीच्या, अर्कावर भारतीय कार्पची (रोहू, कटला, मृगळ यांच्या घराण्यातल्या माशांची) वीण करून दाखवली. त्यानंतर आपला नदीतल्या बीजावरचा भार सुटला, आणि आजही त्या दिवशी राष्ट्रीय मत्स्य शेतकरी दिन असतो. फार मोठं काम झालं ते. पण त्यातून हॅचरीवाल्यांना एक सवय लागली, आषाढात मादीकडे बघायचं आणि इतर दिवस तिला विसरायचं. माझा आग्रह उलटा आहे. आषाढात जे अंडं हाती येतं ते फाल्गुन, चैत्र, वैशाख या महिन्यांत भरलेलं असतं.

भरतं कसं ते सांगते, कारण ते कळलं की खाद्य आपोआप कळतं. दिवस मोठा व्हायला लागला आणि पाणी तापायला लागलं की मादीच्या अंडाशयातून इस्ट्रोजेन हे संप्रेरक सुटतं. ते यकृताला कामाला लावतं. यकृत व्हिटेलोजेनिन नावाचं प्रोटीन बनवतं, त्याला स्निग्धांश, फॉस्फरस, कॅल्शियम चिकटलेले असतात, आणि ते रक्तातून अंड्यांत जाऊन साठतं. जीवनसत्त्वंही अशीच आईच्या शरीरातून उचलली जातात. रोहूच्या किलोभर वजनामागे एक-दोन लाख अंडी धरा, म्हणजे हे किती मोठं काम आहे ते कळेल. पिल्लू बाहेर आल्यावर तोंड उघडून खायला लागेपर्यंत साधारण तीन दिवस जातात, तोवर आईने बांधून दिलेल्या या शिदोरीवरच त्याला जगायचं असतं. तुमची मर बरोबर तिथेच लागते आहे.

यावरून एक गोष्ट सांगते. बाल्टिक समुद्राच्या काठच्या हॅचऱ्यांमध्ये १९७४ साली सॅमनच्या पिल्लांची अशीच मर लक्षात आली. आई धडधाकट, अंडी फळलेली, पिल्लं फुटलेली, आणि बलक पुरता संपायच्या आत पिल्लं मरत. तिला त्या सालावरून एम-७४ असंच नाव पडलं. पुढे कळलं की अंड्यांत थायमिन, म्हणजे बी-१, फार कमी होतं आणि त्याचं मूळ आईने समुद्रात खाल्लेल्या माशांत होतं. पिल्लांना थायमिनच्या पाण्यात ठेवलं तर ती वाचत. तुमच्याकडे थायमिनच कमी आहे असं मी म्हणत नाही. आई अंगाने उत्तम दिसते म्हणून तिचं अंडंही उत्तम असेलच असं नाही, एवढं त्यातून घ्या. वाढीला लागणारं खाद्य वेगळं आणि अंड्याला लागणारं वेगळं. तुमचे मासे डीओसीवर छान वाढले, हे मला अजिबात आश्चर्याचं वाटलं नाही.

आता तुमच्या खाद्याकडे येते. डीओसीत प्रोटीन ४५ टक्क्यांच्या वर असतं हे खरं, पण ती तेल काढून घेतलेली पेंड आहे. सॉल्व्हंटच्या कारखान्यातून आली की तिच्यात तेल जेमतेम एखादा टक्का उरतं. तिच्या जोडीला तुम्ही जो कोंडा घालता त्याचंही तेल काढलेलं. म्हणजे दोन्ही बाजूंनी स्निग्धांश गेला. वडिलांच्या घाणीच्या खलीत सहा-सात टक्के तेल असायचं आणि ताज्या पॉलिशमध्ये पंधराच्या आसपास. ते खाद्य काही फार शास्त्रशुद्ध नव्हतं, पण अंड्याला लागणारा स्निग्धांश आणि त्याच्यासोबतचं ई जीवनसत्त्व त्यातून जात होतं. शेंगदाणा बंद झाला तेव्हा प्रोटीनची जागा भरून निघाली. तेलाची मात्र रिकामी राहिली.

स्निग्धांश नुसता उष्णतेसाठी नसतो. पिल्लाच्या पेशींची पातळ आवरणं, डोळा, मेंदू, सगळं ओमेगा-३ आणि ओमेगा-६ मेदाम्लांवर उभं राहतं. मासा ती स्वतः तयार करत नाही, खाऊनच मिळवावी लागतात. समुद्रातल्या माशांना मासळीच्या तेलातली ईपीए आणि डीएचए ही लांब साखळीची ओमेगा-३ मेदाम्लं तयारच लागतात. आपले गोड्या पाण्यातले कार्प थोडे सोशीक आहेत. वनस्पतीतल्या अल्फा-लिनोलेनिक आम्लापासून, म्हणजे वनस्पतीतल्या ओमेगा-३ पासून, ते ही लांब साखळीची मेदाम्लं बऱ्यापैकी बनवून घेतात. कार्पच्या खाद्यात साधारण एक टक्का ओमेगा-३ आणि एक टक्का ओमेगा-६ असावं असं धरतात. सोयाच्या तेलात ओमेगा-६ निम्म्याच्या वर आणि ओमेगा-३ सातेक टक्केच. माळव्यात त्याला सोपं उत्तर आहे, जवस. जवसाच्या तेलात निम्म्याहून जास्त अल्फा-लिनोलेनिक असतं.

पाठीत वाकलेले जिरे तुम्ही लिहिलेत, तिथे मला सी जीवनसत्त्वाची शंका येते. मासा ते स्वतः बनवू शकत नाही. हाड आणि कूर्चा धरून ठेवणाऱ्या कोलॅजनला ते लागतं. कमी पडलं की कणा वाकतो. डीओसीत सी नाही आणि तेल काढलेल्या कोंड्यातही नाही. शेजारच्या तलावातल्या माद्या शैवाल खात होत्या, शेणखतावर वाढलेले सूक्ष्म जीव खात होत्या. त्यांना सी, ई, ओमेगा-३ सगळं तळ्यातूनच मिळत होतं. म्हणून त्यांची अंडी कमी, पण सकस. तुमच्या ब्रूडर तळ्याचं पाणी कसं आहे? हिरवट की गढूळ? ते कळवा.

ई जीवनसत्त्वाचंही तसंच. जपानमध्ये सत्तरच्या दशकात कार्पला ई नसलेलं खाद्य दीर्घकाळ देऊन पाहिलं, तेव्हा माद्यांची अंडाशयं नीट भरलीच नाहीत. ई हे मेदाम्लांना खवट होऊ देत नाही, माशाच्या अंगातही आणि अंड्यातही. म्हणून तेल वाढवायचं तर ई वाढवलंच पाहिजे. नुसतं तेल ओतलंत तर उलट नुकसान होईल.

आणि सोयाबद्दल एक. त्यात जेनिस्टीन, डायझीन ही इस्ट्रोजेनसारखी वागणारी द्रव्यं असतात. सायबेरियन स्टर्जनवरच्या कामात सोयायुक्त खाद्यामुळे रक्तातलं व्हिटेलोजेनिन वाढलेलं दिसलं होतं. रोहूच्या बाबतीत यावरून सोया विषारी ठरवणं मला पटत नाही. पण ज्या माशाकडून बीज घ्यायचं त्याच्या ताटात साठ-सत्तर टक्के एकच सोया असावी, हेही मला पटत नाही. मी तिसऱ्या हिश्श्यावर थांबते.

हातोदकर (इंदूर)

काकू, एवढं सविस्तर कुणी सांगितलं नव्हतं. ब्रूडर तळ्याचं पाणी गढूळ आहे, काळी माती आणि बाजूने म्हशी उतरतात. हिरवेपणा फार नाही. आता मिश्रण किती किती आणि केव्हापासून ते सांगा. जवसाचं तेल सियागंजात मिळेल ना? इथे हार्डवेअरच्या दुकानातही अळशीचं, म्हणजे जवसाचंच, तेल डब्यांनी मिळतं, ते स्वस्त आहे. आणि निमाडातले पाहुणे सरकीची खली पाठवतो म्हणतात, खरगोनला ढिगांनी पडते. ती चालेल का?

तळ्याकाठची काकू (लोकमान्य नगर, इंदूर)

हार्डवेअरचं तेल चुकूनही घेऊ नका! ते लाकडाला पॉलिश करायचं. ते लवकर वाळावं म्हणून त्यात धातूंची द्रव्यं घातलेली असतात. कच्च्या घाणीचं, खायचं जवसतेल घ्या, ताजं काढलेलं. लहान डबे घ्या, अंधारात ठेवा. जवसाचं तेल हवेत फार लवकर बिघडतं. खाद्यात मिसळायचं ते रोजच्या रोज, आठवड्याचं एकदम कालवून ठेवायचं नाही.

सरकी ब्रूडरना नको. सरकीत गॉसिपॉल नावाचं विषारी द्रव्य असतं. नराच्या बीजावर त्याचा परिणाम इतका ठळक आहे की चीनमध्ये सत्तरच्या दशकात पुरुषांच्या गर्भनिरोधक गोळीसाठी त्याच्या चाचण्या झाल्या होत्या. विक्रीच्या माशांना थोडी सरकी घालणारे घालतात, पण ज्या नरांच्या मिल्टवर (वीर्यावर) तुमचं सगळं फलन अवलंबून आहे त्यांना ती कशाला द्यायची? नराच्या खाद्याकडे आपण फारच कमी लक्ष देतो. जे मादीला द्याल तेच नरालाही द्या.

शंभर किलोला मी असं धरते. सोया डीओसी ३० किलो, नीट भाजलेली, कच्च्या सोयाच्या वासाची नको. शेंगदाण्याची पेंड २०. फिशमील (सुक्या मासळीची भुकटी) ८, पोल्ट्रीवाल्यांकडे मिळेल. ताजी पॉलिश १८ आणि गव्हाचा चोकर (जाडा कोंडा) २०. जवसाचं तेल २. उरलेले २ किलो खनिज आणि जीवनसत्त्वांचं मिश्रण. यात प्रोटीन तीस टक्क्यांच्या आसपास बसतं. दोन किलो जवसतेलात किलोभर अल्फा-लिनोलेनिक म्हणजे शेकडा एक, तिथे ओमेगा-३ चा हिशोब पुरा होतो. ओमेगा-६ पॉलिश आणि पेंडेतूनच भरपूर येतं. फिशमीलमधून थोडी तयार ईपीए-डीएचए जाते आणि मेथिओनिन हे अमिनो आम्लही, जे सोयात कमी असतं.

सी आणि ई खाद्याच्या किलोला प्रत्येकी २०० मिलिग्रॅमच्या आसपास जाईल असं बघा. मिश्रणाच्या पाकिटावर वाचा, कमी असेल तर वेगळं आणा. सी साधं आणू नका, फॉस्फेट रूपातलं आणा. साधं सी दमटपणाने आणि उष्णतेने उडून जातं, तळ्यात पडेपर्यंत त्यातलं फारसं उरत नाही. सोयातल्या फायटेट नावाच्या द्रव्यामुळे जस्त अंगी लागत नाही, म्हणून खनिजांत जस्त आहे ना तेही बघा.

चोकर मी मुद्दाम घातला आहे. तांदळाची पॉलिश आपल्याकडे बालाघाट, छत्तीसगडकडून येते. गिरणीतून निघाल्यापासून तिच्यातलं तेल खवटायला लागतं आणि वाटेत दिवस जातात. पोतं उघडलं की मूठभर हातात चोळून वास घ्या. गोडसर, ओल्या धान्यासारखा आला तर घ्या. नाकाला टोचला, जुन्या तळणाच्या तेलासारखा आला तर ते पोतं ब्रूडरना नाही. तेव्हा सगळा चोकरच घाला, तो आपल्या माळव्याच्या गव्हाचा ताजा मिळतो. तेल मात्र अर्धा-एक किलो वाढवा.

पेंडेचंही तसंच बघा. ढेप फोडून आत बघा, वरून नव्हे. आत हिरवट-करडी बुरशी दिसली तर ती फेकून द्या, उन्हात वाळवून वापरू नका. बुरशी मरते, तिचं अफ्लाटॉक्सिन हे विष तसंच राहतं. अफ्लाटॉक्सिनचा पहिला घाव यकृतावर बसतो, आणि अंड्याचं प्रोटीन बनवणारं यकृतच. १९६० च्या सुमारास अमेरिकेतल्या हॅचऱ्यांमध्ये ट्राउटच्या यकृतात गाठी व्हायला लागल्या होत्या, त्याचं कारणही खाद्यातली बुरशी लागलेली सरकी निघालं.

केव्हापासून? आत्ता जानेवारीत आपल्याकडे पाणी गार आहे, रोहू तोंड लावत नाही. दिलं तर तळाशी कुजेल. दुपारी पाण्याचं तापमान २० च्या वर जायला लागलं की सुरू करा, साधारण फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात. सुरुवातीला दुपारीच द्या. माशांच्या वजनाच्या दोन टक्के, म्हणजे शंभर किलो ब्रूडर असतील तर रोज दोन किलो. एप्रिलच्या मध्यापासून दीड, मेमध्ये एक टक्का. शेवटी जास्त दिलं तर पोटात चरबी साठते, अंड्यांना जागा उरत नाही आणि मादी इंजेक्शनला साथ देत नाही.

देण्याची पद्धत. रासायनिक खताचं रिकामं प्लास्टिकचं पोतं स्वच्छ धुऊन घ्या. तळाकडच्या भागाला पेन्सिल जाईल एवढी भोकं पाडा. आधी डीओसी, पेंड, चोकर कोरडे एकत्र करा. तेल थोड्या चोकरात हाताने चोळून घ्या, गुठळी राहू नये, मग तो चोकर सगळ्यात मिसळा. जीवनसत्त्वं शेवटी. पाणी इतकंच, की मूठ वळली तर गोळा राहावा आणि बोटाने दाबला तर फुटावा. पोतं बांबूला बांधून अर्धं पाण्यात सोडा. रोहू भोकांशी तोंड लावून खातो, ते वरून दिसतं. दोन तासांनी पोतं उचला. उरलेलं असेल तर उद्या तेवढं कमी.

हे सगळं करायला वेळ नसेल तर भुवनेश्वरजवळ कौशल्यगंगा इथल्या केंद्रीय गोड्या पाण्याच्या मत्स्यशेती संस्थेने कार्प ब्रूडरसाठी ‘सिफाब्रूड’ नावाचं खाद्य तयार केलं आहे, ते मागवता येईल. पण मला विचाराल तर निदान एक वर्ष हाताने करून बघा. काय घातलं आणि त्याचं काय झालं, हे हाताने केल्याशिवाय अंगवळणी पडत नाही.

आणि म्हशी बाहेर काढा. गढूळ पाण्यात ऊन आत जात नाही, हिरवेपणा येत नाही. कुंपण घाला, पाणी निवळलं की शेणखत थोडं थोडं द्या. कटल्याला तर हे लागतंच, तो पाण्यातले सूक्ष्म प्राणी गाळून खाणारा मासा आहे, पोत्यातल्या खाद्यावर त्याचं पोट भरत नाही. कटला तयार होत नाही अशी तक्रार करणाऱ्यांच्या तळ्याचं पाणी बघा, बहुतेक वेळा उत्तर तिथेच असतं.

धानाचा पट्टा (भंडारा)

काकूंच्या सगळ्या म्हणण्याला दुजोरा. आमच्याकडे जुन्या मालगुजारी तलावांतल्या माद्या आजही हॅचरीतल्या माद्यांपेक्षा सरस निघतात, खाद्य म्हणाल तर तलावातलंच. दोन गोष्टी जोडतो. एक, ब्रूडर कुठून येतात? आपल्याच हॅचरीच्या बीजातून मोठे केलेले मासे पुन्हा पुन्हा एकमेकांत लावले तर रक्त जवळ येतं, आणि वाकडी पिल्लं त्यानेही होतात. खाद्य सुधारलं तरी ते सुधारत नाही. दुसरं, मादी अंडी सोडायला तयार झाली आणि तुम्ही दाबून काढायला उशीर केला, तर अंडं पोटातच जास्त पिकून खराब होतं. तेव्हाही सकाळी टाकी पांढरी दिसते.

हातोदकर (इंदूर)

आम्ही दाबून काढत नाही, नर-मादी वीण टाकीत सोडतो, ती आपली आपण सोडतात. ब्रूडर मात्र बरेचसे आमच्याच बीजातले आहेत. काकू, मग नक्की खाद्य की रक्त, हे कसं कळणार? आणि जूनच्या शेवटी काढलेल्या माद्या ऑगस्टमध्ये पुन्हा घेता येतात असं ऐकलं, त्या घ्याव्यात का?

तळ्याकाठची काकू (लोकमान्य नगर, इंदूर)

भंडाऱ्याच्या दादांचं बरोबर आहे, रक्ताचं मी आधीच विचारायला हवं होतं असं त्यांना वाटलं असेल. त्याचं उत्तर तुमच्या तळ्यांतूनच काढता येईल. तुमच्याकडे ब्रूडरची दोन तळी असतील तर फेब्रुवारीतच मासे जाळ्याने काढून वाटून घ्या, दोन्हींत सारख्या वयाचे, सारख्या वजनाचे. एका तळ्याला हे नवं मिश्रण, दुसऱ्याला तुमचं आत्ताचंच खाद्य. बाकी काही बदलू नका. शेजारच्या तलावातले थोडे नर-मादी आणून, पर थोडा कापून खूण करून, दोन्ही तळ्यांत सोडा. हंगामात तुमच्याच रक्ताच्या माद्यांची अंडी नव्या खाद्याच्या तळ्यातून चांगली निघाली तर खाद्य. तिथेही वाकडी निघाली आणि फक्त शेजारच्या माद्यांची सरळ निघाली तर रक्त. दोन्हीही असू शकतं, तेही दिसेल. नवे ब्रूडर कसेही आणायचेच आहेत, निकालाची वाट बघू नका. दुसऱ्या हॅचरीतून आणू नका, तिथलं रक्तही कुठून आलं आहे ते माहीत नसतं. नदीतल्या किंवा मोठ्या जलाशयातल्या माशांचं बीज मिळवा आणि ते मोठं करा.

मोजताना डोळ्यांनी अंदाज करू नका. इंजेक्शनच्या रात्री मादी अंडी टाकते, त्यानंतर तीन-चार तासांनी टाकीच्या तीन वेगवेगळ्या जागांहून चमचाभर अंडी काढा, पांढऱ्या इनॅमलच्या ताटलीत पाण्यासह घ्या. फुगलेलं, पारदर्शक, आत गर्भ दिसणारं अंडं एका बाजूला. पांढरं किंवा आतून दुधट दुसऱ्या बाजूला. मोजा आणि वहीत लिहा, मादीच्या खुणेसकट. पहाटेच्या सुमाराला पुन्हा काढा, तेव्हा चांगल्या अंड्यात गर्भ हलताना दिसतो. फुटल्यावर एकदा आणि तिसऱ्या दिवशी भरणीच्या आधी एकदा. २८ अंशांच्या आसपास रोहूचं अंडं चौदा ते अठरा तासांत फुटतं. पावसाने पाणी गार झालं तर वेळ लागेल, तो दिवस वहीत वेगळा दाखवा. फलन दोन्ही तळ्यांचं सारखं असेल आणि फरक तिसऱ्या दिवशीच्या जिवंत जिऱ्यांत दिसेल, असा माझा अंदाज आहे. कारण फलन हे नराचं आणि त्या क्षणाचं काम. तीन दिवस तगणं हे बलकाचं काम.

मादी निवडताना पोट नुसतं मोठं बघू नका. उलटी धरली की पोट मऊ लागलं पाहिजे, फुगवटा गुदद्वारापर्यंत गेला पाहिजे आणि तिथे लाली हवी. पोट मोठं पण घट्ट, आणि फुगवटा पुढेच, तर ती चरबी आहे, तिला परत सोडा. नराचा छातीचा पर आतून खरखरीत लागतो आणि हलक्या दाबाने दुधासारखं मिल्ट येतं. पाण्यासारखं पातळ आलं तर तो नर घेऊ नका.

ऑगस्टच्या दुसऱ्या विणीबद्दल. घेता येते, दोनेक महिन्यांत मादी पुन्हा भरते, देशात ठिकठिकाणी करतात. पण पहिल्या विणीत तिने अंगातलं सगळं अंड्यांत घातलेलं असतं. त्या दोन महिन्यांत तिला आधीच्यापेक्षाही चांगलं खाद्य लागतं, तेल आणि जीवनसत्त्वं त्याच मापाने, पण प्रमाण पुन्हा दोन टक्क्यांवर. आणि ते पावसाळ्यात, म्हणजे पेंडेला बुरशी लागायच्या दिवसांत. कोरडी जागा असेल, रोज ढेप फोडून बघणारा माणूस असेल, तर घ्या. नसेल तर या वर्षी घेऊ नका. आधी जूनची अंडी नीट होऊ द्या.

मिश्रणाचं पाकीट आणलंत की त्यावरचं सी आणि ई किती लिहिलं आहे ते इथे टाका, कमी-जास्त असेल तर माप बदलून देते. आणि ब्रूडरची दोन तळी आहेत की नाही तेही सांगा. नसतील तर एकाच तळ्यात मधे जाळी ताणून काम भागत नाही, खाद्य इकडून तिकडे जातं. मग काही माद्या कुणाच्या तरी रिकाम्या तळ्यात ठेवाव्या लागतील, आणि त्याची सोय फेब्रुवारीच्या आधी करावी लागेल.